बिनगाडीची वाट

"या पाळेवर गाडी येते का, बाबा?"

"नाही."

"ट्रॅक्टर?"

"पाळ केवढी आहे, पाहिली ना? ट्रॅक्टर कसा येईन?"

"मोटरसायकल तरी येत असेल."

"आली होती एक. तलावातून काढा लागली."

विचारणारी बाई कमरेपर्यंत भिजलेली होती आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. नाव वृषाली ढोमणे, राहणार नागपूर. अर्ध्या तासापूर्वी ती तलावाच्या याच मातीच्या बांधावरून, म्हणजे पाळेवरून, सायकलसकट पाण्यात गेली होती. शिंगाडे काढणाऱ्या ढिवरांनी, म्हणजे तलावातल्या कोळ्यांनी, तिला आणि सायकलला वर घेतलं आणि काठावरच्या दर्ग्यापाशी आणून सोडलं. पडलेला शहाणा माणूस आधी रस्त्याची चौकशी करतो, तशी ती करत होती.

गफूरबाबा ओट्यावर बसून ऊद फोडत होते. म्हातारा फकीर. दर गुरुवारी जुनाट सायकलवरून पाळ ओलांडायची, पलीकडच्या पाच गावांत घरोघर ऊद फिरवायचा आणि मिळेल ते खाऊन परत यायचं, एवढाच त्यांचा संसार.

"मी काही नवशिकी नाही," वृषाली म्हणाली. "एका दिवसात तीनशे किलोमीटर सायकल चालवलेली आहे मी."

"कुठं जायचं होतं?"

"कुठे नाही. फिरून परत घरीच."

"हं..."

तिने ओला मोबाइल पुसून पुढे धरला. "हे बघा. या भागातल्या चौदा वाटा शोधल्यात मी. सगळ्या तलावांच्या काठाने. पाळा, कालव्याचे रस्ते, मुरमाच्या पायवाटा. एकाही वाटेवर गाडी नाही."

"मंग चालव."

तिने मोबाइल खिशात घातला.

"चालव ना."

"येत नाही चालवता," ती म्हणाली.

सहा महिन्यांपासून हे असं होतं. वीस-पंचवीस पावलं सायकल गेली की तिच्या पाठीत काहीतरी थंड उतरायचं. मागून काहीतरी येतंय. मोठं आहे. अगदी जवळ आलंय. मान आपोआप उजवीकडे वळायची आणि मान वळली की हँडलही वळायचं. रुंद रस्त्यावर ते खपून जायचं. पाळेच्या उजवीकडे पाणी होतं आणि डावीकडे खाली धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत. चौदा वाटांपैकी तेरा वाटांवरून ती अशीच परत फिरली होती. ही चौदावी. इथेही जमलं नाही तर सायकल कुणालातरी देऊन टाकायची आणि पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरवूनच ती घरून निघाली होती.

"कायचं भेव वाटते?" बाबांनी विचारलं.

"डंपरचं."

"इथं डंपर नाही."

"माहीत आहे मला."

"तरी मांगं पाहते?"

"हो."

"मंग तू डंपर नाही पाहत, पोरी."

ऊद फोडायचा दगड बाबांनी खाली ठेवला. पाण्यावर धुकं होतं. ढिवरांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं.

"माझी मैत्रीण होती," वृषाली म्हणाली. "निशी. हायवेला आम्ही दोघी होतो. मी पुढे, ती मागे. तिच्या सायकलच्या चाकाचा टिकटिक आवाज यायचा. त्या दिवशी माझा वेग फार चांगला लागला होता... आणि आवाज थांबला."

"मंग?"

"मला वाटलं, पाणी प्यायला थांबली असेल. येईल मागून."

"आली?"

"मी दोन किलोमीटर पुढे गेले, बाबा. वेग मोडायला नको म्हणून. मग परत फिरले, तर लोक जमले होते. डंपर निघून गेला होता. चहावाला म्हणाला, बाई शेवटपर्यंत विचारत होती, वृषा आली का... वृषा आली का..."

बाबा उठले, तिच्या सायकलपाशी गेले आणि हँडलकडे पाहून हसले.

"दोन आरसे! अन् हा टोपीले तिसरा. लग्नाले चालली का?"

तिला हसू आलं नाही.

"काढ."

"आरसे? नको बाबा. त्यांच्याशिवाय मी..."

"आरसे होते तरी पडलीच ना? काढ."

तिने तिन्ही आरसे काढले. बाबांनी ते झोळीत टाकले, ऊदाचं ताट आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि म्हणाले, "तू पुढं. मी मांगं आहो. काही झालं तरी मांगं पाहायचं नाही."

"काहीही झालं तरी?"

"पाहिलं तं पाण्यात जाशीन."

ती निघाली. मुरूम सैल होता. चाकाखालून खडे सटकत होते. बाबांच्या सायकलचं चेनकव्हर सुटलेलं असल्यामुळे मागून एकसारखी खडखड येत होती आणि त्या खडखडीचा तिला आधार वाटत होता. वीस पावलं झाली. पाठीत ते थंड उतरलं. मानेच्या शिरा ओढल्या गेल्या. समोर बघ, समोर बघ, असं ती स्वतःशी पुटपुटत राहिली. पन्नास पावलं झाली. हात हँडलवर इतके आवळले होते की बोटं दुखायला लागली. अर्धी पाळ ओलांडली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अजून पडलेलो नाही. पलीकडच्या काठावरचं मोहाचं झाड धुक्यातून दिसू लागलं होतं. सहा महिन्यांत एवढं अंतर ती कधी गेली नव्हती. पायांना वेग आला.

आणि खडखड थांबली.

"बाबा?"

तिने आवाज चढवला.

"बाबा!"

तिचे पाय फिरतच होते. म्हातारा परीक्षा घेतोय, तिला वाटलं. बजावलंच होतं त्यांनी. पाहिलं तर पाण्यात जाशील. झाड दोनशे पावलांवर आहे. पोचू आधी. चेन पडली असेल त्यांची. किंवा पाणी प्यायला थांबले असतील, येतील मागून...

निशीच्या वेळचंच हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिने दोन्ही ब्रेक दाबले.

मागचं चाक मुरमावर घसरलं. एक पाय टेकला. सायकल पाळेच्या काठावर वाकडी होऊन थांबली. आता फक्त वळून पाहायचं होतं, आणि तेच तिच्याने होईना. मागे काय दिसेल, ते तिने एकदा पाहिलेलं होतं.

तिने डोळे मिटले. मान वळवली. मग डोळे उघडले.

पाळेवर कुणीच नव्हतं.

धुक्यात, बरीच मागे, बाबांची सायकल आडवी पडलेली दिसत होती. एवढंच.

वृषालीने आपली सायकल तशीच टाकली आणि धावत सुटली. सायकलचे कडक तळाचे बूट मुरमावर टिकेनात. ती एकदा पडली, हाताची साल निघाली, उठून पुन्हा धावली. "आले," ती ओरडत होती. "बाबा, मी आले! मी आले!"

सायकलपाशी पोचली तर खाली, बेशरमाच्या झुडपाआड, पाण्यात पाय सोडून बाबा बसले होते. तोंड धूत होते. ऊदाचं ताट शेजारी नीट ठेवलेलं होतं.

ती तिथेच मटकन बसली. आधी रडू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदमच.

"का थांबलात? सांगायचं तरी! मला वाटलं... काय वाटलं तुम्हाला काय माहीत! का थांबलात असे?"

बाबांनी ओंजळभर पाणी घेऊन तिच्या सोलवटलेल्या हातावर सोडलं.

"मी तं दर गुरुवारी थांबतो इथं," ते म्हणाले. "आज तू थांबली."