सर, थांबा!

एकदा एक वृद्ध बालरोगतज्ज्ञ आपल्या शिष्येची परीक्षेची तयारी करून घेत होते. परीक्षा होती 'पाल्स'ची. श्वास किंवा हृदय थांबलेल्या बालकाला परत कसे आणायचे, हे त्या अभ्यासक्रमात शिकवतात. त्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय शिष्येला बालकांच्या अतिदक्षता विभागात काम मिळणार नव्हते. मीही तेव्हा त्याच गुरूंच्या हाताखाली शिकत होतो, म्हणून ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

ते दिवस आठवले की अजूनही मन हळवे होते. वॉर्डाशेजारची लांबट खोली, स्पिरिटचा वास, चहाच्या कपांचे डाग पडलेले टेबल आणि त्यावर सरावासाठी ठेवलेली रबरी बाहुली. तिचा एक डोळा पुसून गेला होता. गुरूंना सगळे आबासर म्हणत. ते वॉर्डात आले की आम्ही चपलांचाही आवाज होऊ देत नसू. शिष्येचे नाव सुलक्षणा. औषधांच्या मात्रा तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी ती अचूक सांगे. पण आबासर म्हणतील ती पूर्व दिशा, अशी तिची श्रद्धा होती.

त्या दुपारी सर म्हणाले, "हे बाळ दहा किलोचं. हृदय थांबलंय. चला."

मी बाहुलीची छाती दाबू लागलो. सुलक्षणा औषधांपाशी उभी राहिली.

"अ‍ॅड्रेनलिन, दहा मिलि," सर शांतपणे म्हणाले.

पातळ करून तयार ठेवलेले ते औषध किलोमागे एक दशांश, म्हणजे एवढ्या बाळाला एक मिलि द्यायचे असते. सुलक्षणाने सरांकडे पाहिले, ओठ हलले, पण शब्द काही फुटला नाही. तिने मोठी सिरिंज घेतली, औषध म्हणून ठेवलेले रंगीत पाणी भरले आणि सगळे देऊन टाकले.

सरांनी एक पांढरी चादर घेतली, बाहुलीच्या तोंडावरून ओढली आणि ती बाहुली सुलक्षणाच्या हातांत ठेवली.

"बाहेर हिची आई बसलीय. जा, सांगून ये."

बाहेर अर्थातच कोणी नव्हते. तरी सुलक्षणा पांढरीफटक पडली. "सर, मी तर तुम्ही सांगितलं तेच दिलं!"

"म्हणूनच गेलं ना बाळ. बरोबर मात्रा ठाऊक होती तुला?"

"हो, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगायचं, सर? वाटलं, तुमच्या मनात काही असेल."

सर खुर्चीत बसले. "आमच्या वेळी आमचे गुरू बोलले की वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्या शांततेचा मला फार अभिमान वाटायचा. आता म्हातारपणी वाटतं, त्या शांततेत किती चुका खपून गेल्या असतील, देव जाणे. पोरी, माझा मान राख, जरूर राख. पण तो बाळाच्या जिवावर राखू नकोस. मी चुकलो तर 'सर, थांबा' म्हण आणि बरोबर आकडा सांग."

मग सराव सुरू झाला. सर मुद्दाम चुकत आणि सुलक्षणा म्हणे, "सर, माफ करा हं, म्हणजे मला आपलं असं वाटतं की कदाचित..."

"अगं, तुझं 'कदाचित' संपेपर्यंत बाळ शाळेत जायच्या वयाचं होईल!" सर हसत. वॉर्डातल्या सिस्टरही पदर तोंडाला लावून हसत. शेवटी एकदा तिच्या तोंडून खणखणीत "सर, थांबा!" निघाले, तेव्हा सरांनी स्वतः सगळ्यांना चहा पाजला.

सुलक्षणा परीक्षेत उत्तीर्ण झाली. ती नव्या कामावर जायच्या थोडे दिवस आधी पाण्याच्या टाकीत पडलेली एक लहान मुलगी आमच्याकडे आणली. नाडी नव्हती. मी छाती दाबत होतो.

"अ‍ॅड्रेनलिन, दीड मिलि," सर म्हणाले.

"सर, थांबा! एक!"

साऱ्या वॉर्डासमोर, मुलीच्या बापासमोर. माझे हात चालूच होते. सर थांबले. "पट्टी लाव," एवढेच म्हणाले. उंचीवरून वजन सांगणारी पट्टी सिस्टरनी मुलीशेजारी धरली. पंधरा किलो. म्हणजे दीडच. मुलगी अंगाने बारीक, सुलक्षणाने नजरेनेच वजन कमी धरले होते.

"दीड," सर म्हणाले.

"दीड," सुलक्षणाने खाली मान घालून म्हटले आणि औषध दिले. काही वेळाने नाडी लागली. पुढे ती मुलगी आपल्या पायांनी घरी गेली.

त्या संध्याकाळी सुलक्षणा सरांसमोर रडवेली होऊन उभी राहिली. "चुकलं, सर. सगळ्यांसमोर उगाच अडवलं तुम्हाला. आता पुन्हा कधी..."

"पुढचं वाक्य पुरं करू नकोस," सर म्हणाले. "पट्टी लावायला एका श्वासाएवढा वेळ गेला. तेवढा मला परवडतो. पण आजच्या लाजेने तू गप्प बसायला शिकलीस, तर ज्या दिवशी मी खरंच चुकेन, त्या दिवशी मला कोण थांबवणार? माझं वय झालंय, पोरी. तो दिवस आता लांब नाही."

सुलक्षणाने डोळे पुसले. "थांबवीन, सर," ती म्हणाली.

आबासर आता नाहीत. माझ्या वॉर्डात एखादी कालची पोर "सर, थांबा" म्हणते, तेव्हा खरे सांगतो, आधी मला राग येतो. मग मी थांबतो आणि पट्टी मागवतो.