घरधन्याला गडी म्हटलं

ऐक गे अन्नपूर्णे माते, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, तिथं राजाचा एक कारभारी होता. त्याची बायको कमळजा. दारी मेणा, अंगी भरजरी. पण कारभाऱ्याचा जीव दरबाराला विटला. रोज एकाची स्तुती, रोज दुसऱ्याची चुगली. मग त्यानं पागोटं राजाच्या पायाशी ठेवलं, बायकालेकरं घेतली, रानाकडच्या वाडीवर आला. कुडाचं घर बांधलं, नाचणी पेरली. लेकरं हुंदडू लागली, कारभारी हसू लागला. कमळजा मात्र कुढू लागली.

शेजारच्या म्हातारीनं तिला वसा सांगितला. "श्रावणातल्या शुक्रवारी अन्नपूर्णा मांडावी. घरच्या सगळ्यांनी एका पंगतीला बसावं. घरच्याला परकं म्हणू नये. उतू नये, मातू नये." कमळजेनं वसा घेतला.

मग एका शुक्रवारी नगराहून तिची थोरली बहीण भानुमती आली. मेण्यातून उतरली, नाकाला पदर लावला. इतक्यात कारभारी शेतातून आला. गुडघाभर चिखल, डोईवर गवताचा भारा. भानुमतीनं ओळखलं नाही. विचारलं, "हा कोण ग?"

कमळजेची मान खाली गेली. म्हणाली, "हा आमचा गडी. घरधनी परगावी गेलेत."

कारभाऱ्यानं ऐकलं. भारा टाकला, मेण्याच्या भोयांना पाणी दिलं, ओटीखाली पान मांडून जेवला. धाकटी लेक "बाबा" म्हणून धावली, तिला आईनं दंडाला धरून आत ओढलं.

बहीण गेली, देवी कोपली. कमळजेनं भात चढवावा, तो कच्चा राही. भाकरी टाकावी, ती करपे. दूध तापवावं, ते नासे. कारभारी ओटीखालीच जेवू लागला. कच्चं खाई, करपलेलं खाई, वर "बरं झालंय" म्हणे. त्यानं चार शिव्या द्याव्या, असं तिला होई.

मग तिनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, वसा मोडला."

"कुणापुढं मोडलास?"

"बहिणीपुढं."

"मग माझे पाय का धरतेस? जिथं बोललीस, तिथंच बोल फिरव."

कमळजा पायी नगराला गेली. बहिणीकडे हळदीकुंकू होतं, मानाच्या बायका बसल्या होत्या. उंबऱ्यातून परत फिरावंसं वाटलं. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तो चिखलानं भरलेला गडी माझा नवरा होता. मला लाज वाटली, मी खोटं बोलले."

बायका पदराआड हसल्या. भानुमती हसली नाही. म्हणाली, "अग, मग माझ्या भोयांना पाणी दिलं, ते भावोजींनी?" कमळजेला धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं.

घरी आली, भात चढवला. मऊ मोकळा शिजला. कारभारी आपलं पान घेऊन ओटीखाली निघाला. ती आडवी आली. "तिथं नको."

"सवय झाली ग आता."

"नगरात सांगून आले, तुम्ही कोण ते."

तो पान हातात धरून उभा राहिला. मग आत येऊन लेकरांच्या पंगतीला बसला. तिनं वाढलं, पण तिला वर बघवलं नाही.

माते, कमळजेला तू आपल्या माणसात आणलंस, तसं ऐकणाऱ्या सांगणाऱ्या सगळ्यांना आण. उत्तरं होती साठ, सांगितली पाच; कहाणी सुफळ होवो, संपूर्ण होवो.