खडकपेठेच्या कारंज्यावरल्या दोघी

या, असे सावलीत या. कारंज्यावरचं हे शिल्प नीट बघा. वर सिंहावर बसलेली, शिरस्त्राण घातलेली गोरी राणी म्हणजे इंग्रजांचं राज्य. तिच्या पायाशी गुडघे टेकून कापसाची टोपली पुढे करणारी, लुगडं नेसलेली बाई म्हणजे आपला मुलूख. राज्याला आणि मुलखाला बाईचं रूप द्यायची तेव्हाच्या साहेबांना भारी हौस! त्यात देणारे आपण वाकलेले, आणि घेणारी जणू उपकारच करतेय.

असं सांगतात, की गावात तेव्हा पाणी नव्हतं. बायका कोसभर लांब नदीवर जात. साहेबानं नळ आणायचं कबूल केलं, पण अट घातली, की आधी कागदावरचं हे चित्र दगडात उतरलं पाहिजे. गोंदाजी पाथरवटानं काम घेतलं. त्याची बायको भिवरा संतापली. "पान्यासाठी मायलाच वाकवता व्हय? म्या न्हाई त्या पान्याला शिवायची."

गोंदाजीनं छिन्नी उचलली. पाथरवटांची रीत अशी, की मूर्तीचे डोळे शेवटी उघडायचे; तोवर तो नुसता दगड. त्यानं राणीचं सगळं कोरलं, अगदी सिंहाची आयाळसुद्धा, पण तिच्या डोळ्यांत बुबुळं काढलीच नाहीत. साहेब तपासायला आला तेव्हा गोंदाजीचा जीव टांगणीला लागला. चोरी पकडली गेली, तर नळ गेलाच! साहेबानं राणीच्या गालावरून बोट फिरवलं आणि खूश झाला. त्यांच्या देशातले पुतळे म्हणे असेच कोऱ्या डोळ्यांचे!

पाणी आलं. सगळं गाव कारंज्याच्या नळावर पाणी भरू लागलं, पण भिवरा नदीवरच जायची. गोंदाजीला ते फार लागलं. चित्रात खालच्या बाईचे डोळे मिटलेले होते, म्हणून त्यानंही ते तसेच कोरले होते. एके दिवशी भरदुपारी, सगळ्यांदेखत, तो छिन्नी घेऊन तिच्यापुढे बसला. साहेबाला काय करायचं ते करू दे म्हणाला, आणि तिचे डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी भिवरा घागर घेऊन आली. त्या बाईच्या उघड्या डोळ्यांत तिनं बघितलं, म्हणे. मग आपल्या डोळ्यांतलं काजळ बोटावर घेऊन तिला लावलं आणि घागर नळाखाली धरली.

आजही गावातली नवी सून पहिली घागर भरण्याआधी तिला काजळ लावते. वरच्या राणीला का लावत नाही, असं मी एकदा एका सुनेला विचारलं. ती म्हणाली, "तिला कशाला, आजोबा? तिला कुठं काय दिसतंय!"