शेंड्यावरचं घरटं

पाखरं सल्ले देत आणि गाव ते मानत असे, त्या काळची ही गोष्ट. कावळ्याने आंब्याच्या शेंड्यावर घरटं बांधलं की यंदा वादळ नाही, असं गाव धरून चाले. त्या खुशीत कावळ्याला रोज पोळीचा तुकडा मिळे.

त्या वर्षी चैत्र सरत आला तरी पहाटे गारठा असायचा, दुपारी अंग भाजायचं आणि संध्याकाळी ढग जमायचे.

"यंदा खालच्या बेचक्यात बांधू," कावळी म्हणाली. "वळीव येणार. मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्यात."

"बेचक्यात बांधलं तर पोळी कोण टाकेल?" म्हणत कावळ्याने शेंड्यावरच काड्या रचल्या. कावळीचं काही चाललं नाही. तिने तिथेच अंडी घातली.

वैशाख लागताच वळीव आला. कैऱ्यांबरोबर घरटंही खाली आपटलं. अंडी फुटली.

सकाळी कैऱ्या वेचताना पाटलीणबाईंना ते दिसलं. "बघा," त्या म्हणाल्या, "कावळ्याला आधीच कळलं होतं. वादळ येणार म्हणून त्याने घरटं जमिनीवर आणलं." आणि त्यांनी अख्खी पोळी टाकली.

कावळ्याने मान ताठ केली. "माझा अंदाज कधी चुकत नाही," तो कावळीला म्हणाला.

कावळीच्या चोचीत बेचक्याकडे न्यायची काडी होती, म्हणून त्याची अब्रू वाचली.