तळ्याचे दाते

सकाळी साडेनऊ. जिल्हा वस्तुसंग्रहालयातलं 'मानकरी' दालन. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

"पण गुरुजी, तुमची तसबीर पहिल्या ओळीत लावली, तरी तुम्ही 'हो' का म्हणत नाही?"

विचारणारा सुदर्शन बिडवे. संग्रहालयाचा प्रमुख, सोनकांबळे गुरुजींचा जुना विद्यार्थी. फीत गुरुजींनीच कापावी, हा त्याचा हट्ट.

गुरुजी भिंतीकडे पाहत होते. मधोमध इनामदार रावसाहेब. खाली पाटी: 'तळ्याचे दाते'.

त्या तळ्याला गुरुजींच्या वस्तीनं हात लावायचा नाही, असा रावसाहेबांचा हुकूम होता. विशीतले गुरुजी माणसं घेऊन गेले, पाणी प्याले, मार खाल्ला. तळं तेव्हा सगळ्यांचं झालं. दालनाच्या समितीला इतर मानकऱ्यांची निवड करायला तीन वर्षं लागली. रावसाहेबांचं नाव पहिला चहा यायच्या आत ठरलं होतं.

रावसाहेब खुपत असतील तर उतरवतो, नोकरी गेली तरी बेहत्तर, असं सुदर्शन म्हणाला.

"उतरवायला कुणी सांगितलं?"

मग त्यानं मोठ्या अभिमानानं काचेची पेटी दाखवली. आत तांब्याची कळशी. 'याच कळशीने गुरुजी तळ्याचे पाणी प्याले.'

"कुणी दिली?"

"रावसाहेबांच्या नातवानं. त्याच दिवसाची आहे म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस."

गुरुजी हसले.

"आमच्यापाशी कसली कळशी रे? रिकाम्या हातांनी गेलो होतो." त्यांनी ओंजळ पुढे धरली. ऐंशीच्या घरातले हात, पण थरथर नाही. "हिनं प्यालो. कुणाच्या भांड्याचे उपकार नाहीत आमच्यावर."

"मग... ही?"

गुरुजींनी टोपी काढली. कधी कुणापुढे न झुकलेली मान खाली केली आणि पांढरे केस बोटांनी बाजूला सारले. टाळूवर जुनी खोक होती, कमानीसारखी वळलेली.

सुदर्शननं खोक पाहिली. मग कळशीचा काठ पाहिला. काठाखाली पोचा होता...



"परत पाठवतो, गुरुजी. आत्ताच."

"नाही. रावसाहेबांच्या तसबिरीखाली ठेव. फीत मी कापतो."

"आणि पाटीवर काय लिहू?"

गुरुजींनी टोपी नीट बसवली.

"लिही... कळशीला पोचा आहे. कसा पडला, ते देणाऱ्यानं अजून सांगितलेलं नाही."