पहिली दवंडी पाटलेच्या दारात

पूर्वी समुद्रकाठच्या वेलापत्तन नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दवंडीवाल्याच्या घरात जन्मला होता. त्याचं नाव सुघोष. आवाज असा खणखणीत, की त्याने बाजाराच्या या टोकाला तोंड उघडलं की त्या टोकाची म्हातारी म्हणे, "मेल्या, ओरडतोस कशाला? बहिरी नाही झाले अजून!" सुघोष हसे आणि तिच्यासाठी मुद्दाम आणखी एकदा ओरडे.

दवंडीवाल्यांचा एक जुना रिवाज होता. ज्याच्याविषयी दवंडी, तिची पहिली हाक त्याच्याच दारात द्यायची. आणि दवंडी देवविणाऱ्याने ढोलाशेजारी उभं राहून पहिलं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. पुढे गावभर नेणं दवंडीवाल्याकडे. फारसं कुणी हे पाळत नसे, पण सुघोष पाळी.

एका हिवाळ्यात पहाटे समुद्रावर दाट धुकं पडलं. धुक्यात मोठ्या जहाजाने नगारा वाजवीतच बंदरात शिरावं, म्हणजे कोळ्यांच्या होड्या बाजूला होतात, असा तिथला नियम होता. भद्रसार शेठचं जहाज त्याच वेळी माल घेऊन परतत होतं. मागे दुसऱ्या व्यापाऱ्याचं जहाज. आपल्या नगाऱ्याच्या सुमाराने तोही वाट काढील आणि बंदरात आपल्याआधी शिरेल, असं शेठच्या मनात आलं. त्याने नगारा थांबवला. थोड्याच वेळात जहाज सोणक नावाच्या कोळ्याच्या होडीवर आदळलं. खलाशांनी सोणकाला वर ओढून घेतलं, पण जीव गेला होता.

दुपारी शेठने सुघोषाला बोलावून घेतलं. पुढ्यात रत्नहार ठेवला.

"सातही चौकांत सांग," शेठ म्हणाला, "की तिमिंगल माशाने होडी उलथवली. दयाळू भद्रसार शेठने जिवाची पर्वा न करता सोणकाला बाहेर काढलं. आणि पौर्णिमेला हजार पानांचं जेवण, खिरीसकट! खीर विसरू नकोस हं."

"खीर कशी विसरेन?" सुघोष म्हणाला. "पण शेठजी, मी पहाटे किनाऱ्यावरच गळा साफ करीत होतो. आमचे कान नगाऱ्याला सवकलेले. मागच्या जहाजाचा ऐकला, तुमचा नाही."

शेठला एकदम खोकला आला. "धुक्यात आवाज विरतो," तो म्हणाला. "तुला हार हवा की नको?"

सुघोषाने हाराकडे पाहिलंही नाही. त्याच्या मनात कोळीवाडा होता. तिथे अशी समजूत होती की समुद्रातल्या जिवाने माणूस नेला तर त्या घरावर दर्याचा कोप. मग तीन वर्षं त्या घरची होडी पाण्यात लोटत नसत. माणसाच्या चुकीने कुणी गेला, तर चूक करणाऱ्याने यावं आणि त्या घरची होडी स्वतःच्या खांद्याने पाण्यात लोटावी, की घर मोकळं. सोणकामागे त्याची बायको पाटला होती, दोन मुली होत्या, आणि किनाऱ्यावर उभी असलेली एक थोरली होडी. तिमिंगलाची दवंडी फिरली असती तर त्या तिघींनी तीन वर्षं खायचं काय?

नगरात जाऊन खरं ओरडणं सुघोषाला अवघड नव्हतं. पण शेठने त्याला खोटा ठरवलं असतं, वाद महिनोन्‌महिने चालला असता आणि होडी तशीच उभी राहिली असती. शिवाय शेठचा चेहरा त्याला बरा दिसत नव्हता. हा माणूस सकाळपासून जेवला नसावा, असं त्याला वाटलं आणि मनातून वाईटही वाटलं.

"चला शेठजी," तो म्हणाला. "रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. पहिली हाक पाटलेच्या दारात, आणि पहिलं वाक्य तुमचं."

"माझं? अरे, मग तुला कशाला बोलावलं?"

"खिरीसाठी," सुघोष म्हणाला.

शेठ कुरकुरत निघाला. पालखी वाळूत रुतली तेव्हा उतरून चालू लागला. एक जोडा चिखलात राहिला, दुसरा त्याने रागाने फेकून दिला. कोळीवाड्यात पोचेपर्यंत मागे पोरासोरांची वरात जमली होती.

पाटला उंबऱ्यावर बसली होती. सुघोषाने ढोलावर एक थाप मारली आणि बाजूला झाला. शेठने घसा खाकरला.

"ऐका हो ऐका! आज पहाटे एका तिमिंगल…"

"शेठजी," पाटला म्हणाली, "तुम्ही तिथे होता. मला एवढंच सांगा. मोठं जहाज आलं की माझा माणूस नगाऱ्यावरून ओळखून बाजूला व्हायचा. वीस वर्षांत कधी चुकला नाही. आज त्याला ऐकू आलं नाही का? की माझ्याशी भांडून निघाला होता, म्हणून त्याचं लक्ष नव्हतं? माझ्यामुळे गेला का तो?"

शेठने सुघोषाकडे पाहिलं. सुघोष म्हणाला, "तुमचं वाक्य आहे, शेठजी. तुम्ही जे म्हणाल ते मी म्हणेन." त्याचा आवाज अगदी मऊ होता.

शेठ मटकन वाळूत बसला. "नाही गं बाई," तो म्हणाला. "तू भांडलीस म्हणून नाही. त्याला ऐकू कसं येणार? नगारा मी थांबवला होता. मला पहिलं पोचायचं होतं." आणि तो लहान मुलासारखा हमसून रडू लागला.

पाटलाही रडली, पण तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. कोळीवाड्याचा म्हातारा पाटील पुढे आला. "उठा शेठ," तो म्हणाला. "होडी तिकडे आहे."

मग काय वर्णावं! शेठने धोतर खोचलं, खांदा लावला आणि जोर केला. होडी ढिम्म हलेना, शेठ मात्र चिखलात उपडा पडला. उठला, परत पडला. "पोट मागे घ्या, शेठ, पोट!" म्हाताऱ्या ओरडू लागल्या. पाटलेच्या धाकट्या मुलीला हसू आवरेना, आणि तिचं पाहून पाटलाही डोळे पुसतापुसता हसली. मदत करायची नाही असा नियम होता, म्हणून सगळे नुसते हात चोळत उभे. दिवस कलला तेव्हा कुठे होडी पाण्यात तरंगली. कोळीवाड्याने एकच आरोळी ठोकली. पाटला आपल्या भावाबरोबर होडीत चढली आणि वल्हं हाती घेतलं.

शेठ तसाच चिखलाने माखलेला राजाकडे गेला आणि गुन्हा कबूल करून आला. राजाने दिलेली शिक्षा त्याने मान खाली घालून भोगली. सातही चौकांत दवंडी फिरली. आवाज सुघोषाचा होता, शब्द शेठचे.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा भद्रसार म्हणजे आपला हा भिक्षू उदायी. पाटला म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, कोळीवाड्याचा पाटील आनंद, आणि दवंडीवाला सुघोष मीच होतो. आपली चूक जगाला सांगण्याआधी, त्या चुकीने ज्याचं घर मोडलं त्याच्या दारात जाऊन सांगावी. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."