पाटीची फेरी

बोरजाईच्या टेकडीवर आज विद्यापीठ उभं आहे. सहा महाविद्यालयं, चौतीस विभाग, आणि प्रत्येक विभागाच्या दारावर दोन आकड्यांना अडकवलेली सागवानी पाटी. भिंतीवर रंगवलेलं नाव इथे शोधूनही सापडायचं नाही. नवा विभाग निघाला की त्याची पाटी विभागप्रमुखाने खांद्यावर घ्यायची, टेकडीवरच्या साऱ्या इमारतींना फेरी घालायची आणि मगच ती दाराला लावायची, असा इथला रिवाज आहे. प्रवेशासाठी पोरांना घेऊन आलेले आईबाप चढण चढून धापा टाकत जुन्या इमारतीमागच्या कडुलिंबाखाली टेकतात, तेव्हा ग्रंथालयातून निवृत्त झालेले शिवलिंगअप्पा त्यांना या रिवाजाची गोष्ट सांगतात. ऐकणाऱ्यांना उठायची घाई नसते, अप्पांनाही नसते.

ही गोष्ट लिंबाजी ढगे या शिपायाची. तेव्हा विद्यापीठाचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. टेकडीवर एकच लांबलचक इमारत, तिच्यात सहा खोल्या, आणि त्या खोल्यांत भरणारं अण्णासाहेब सोनवळकरांचं महाविद्यालय. लिंबाजी घंटा वाजवायचा, पाणी भरायचा, फळे पुसायचा आणि खोल्यांना कुलपं लावून सगळ्यांच्या शेवटी टेकडी उतरायचा. एकोणीस वर्षं हे चाललं होतं आणि एकोणीस वर्षं तो रोजंदारीवरच होता. गुडघे कुरकुरायला लागले होते. त्याचं मागणं एकच होतं, आपल्याला कायम करावं. कायम झाला की म्हातारपणी बसून दोन घास मिळतील, एवढाच त्याचा हिशेब.

अण्णासाहेबांचं मागणं मोठं होतं. त्यांना एकाच वर्षात अकरा विभागांची मान्यता हवी होती. खोल्या सहा, विभाग अकरा, म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी गत. पण माणूस हट्टाचा. त्यांनी बोरजाईच्या देवळात उंबऱ्यावर हात ठेवून सांगितलं, "लिंबाजी, ही मान्यता आली की पहिला कागद तुझ्या नावाचा."

मान्यतेसाठी तपासणी कमिटी येणार म्हणून कळलं आणि अण्णासाहेबांनी बेत रचला. इमारतीच्या प्रत्येक खोलीला दोन दारं होती, एक पुढच्या ओसरीवर, एक मागच्या. सकाळी कमिटीला पुढून सहा विभाग दाखवायचे. मग देवीच्या दर्शनाला वर न्यायचं, तिथेच जेवू घालायचं आणि उतरताना मागच्या वाटेने आणून मागच्या ओसरीवरचे पाच विभाग दाखवायचे. तेवढ्या वेळात पोरांनी बाकं उलटी फिरवून दुसऱ्या विषयाची पुस्तकं उघडायची. सागवान सहा पाट्यांपुरतंच मिळालं होतं, म्हणून त्यातल्या पाच पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवल्या होत्या. एका अंगाला सकाळचा विभाग, दुसऱ्या अंगाला दुपारचा. खोल्यांत बाकांची हलवाहलव, त्यामुळे पाट्या बाहेरून, अख्ख्या इमारतीला वळसा घालून न्यायच्या. हे काम लिंबाजीचं. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून कारकुनाने दुपारच्या बाजूवर खडूने फुली मारून दिली होती.

सकाळ निभावली. कमिटी देवळाकडे गेली आणि लिंबाजीने पहिली पाटी काढली. असं सांगतात की पहिली पाटी त्याला एका पोराएवढी वाटली, दुसरी दोन पोरांएवढी. लाकूड तेच, सुतार तोच, पण दर वळशाला ओझं वाढतच गेलं म्हणे. अप्पा म्हणतात, सागवान काही एका दुपारीत वाढत नाही. वाढलं असेल ते लिंबाजीचं वय. तरी टेकडीवरची माणसं पाटीच जड झाली असंच सांगतात.

चौथी पाटी लावून तो पाचवी घेऊन आला तेव्हा त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. पाटी खाली टेकवून त्याने पाहिलं, तर खांद्याच्या घामाने खडूची फुली पुसून गेलेली. आता कुठलं अंग बाहेर करायचं? पोरं आत गोंधळ घालत होती, कारकून देवळात वाढपाला गेला होता. कडुलिंबाखाली मात्र धोतर, कोट घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पोशाखावरून शिकलेले दिसत होते. लिंबाजी पाटी ओढत त्यांच्यापुढे गेला.

"सायेब, जरा वाचून सांगता का? ह्यातला भूगोल कंचा?"

"हा. पलीकडे इतिहास आहे. इतिहास मी सकाळी पाहिला."

हे कमिटीतले नेवाळकर सर होते. गुडघेदुखीमुळे त्यांना देवळाची चढण झेपली नव्हती, म्हणून ते मागेच राहिले होते आणि सारे वळसे मुकाट्याने बघत बसले होते. सकाळी पाणी भरण्याच्या गडबडीत लिंबाजीने कमिटीची तोंडं पाहिली नव्हती, त्यामुळे हे उमजायला त्याला क्षणभर वेळ लागला. मग तो पाटीला टेकून तिथेच खाली बसला.

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "एकूण विभाग किती रे?"

"अकरा हायत, सायेब. खोल्या सा. आन् मी एकला."

"तुला काय मिळणार यातून?"

"मान्यता आली तर कायम करतो म्हनले अण्णा. एकुनीस साल झाले."

खरं लिहिलं तर या माणसाच्या तोंडचा घास जातो आणि न लिहिलं तर आपल्या सहीला अर्थ राहत नाही, अशी सरांची कोंडी झाली. शेवटी त्यांनी ती लिंबाजीपुढेच मांडली. "मी हे पाहिलंच नाही असंही म्हणू शकतो. तू सांग, काय करू?"

लिंबाजीने पाटीकडे पाहिलं. त्याला एकोणीस वर्षं आठवली, बायको कौसाबाईचं तोंड डोळ्यापुढे आलं. रडू आलं, पण रडायलाही ताकद लागते. "लिवा सायेब," तो म्हणाला. "आज अकरा मान्य झाले तर पुढल्या साली बारावी पाटी येईल. खोटं एकदा मान्य झालं की दर साली वाहावं लागतं. आन् ते माझ्याच खांद्यावर यील. मला नाही होत आता."

अहवालात सहाच विभाग मान्य झाले. खाली एक अट होती. पुढचा प्रत्येक विभाग स्वतःच्या खोलीत बसल्यावरच त्याची पाटी लावावी, आणि ती त्या विभागाच्या प्रमुखाने इमारतीला वळसा घालून स्वतः वाहून आणावी.

अण्णासाहेबांनी लिंबाजीला बोलावलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "एकोणीस वर्षं थांबलास. एक दुपार निघाली नाही तुझ्याच्याने?" लिंबाजीला काढलं नाही, पण कायमही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा त्यानेच वाजवली.

चार वर्षांनी भूगोलाला खरी खोली मिळाली. प्रमुख अजून नेमला नव्हता, म्हणून ती पाटी अण्णासाहेबांनीच उचलली. वय अडुसष्ट. इमारतीला वळसा घालताना ती त्यांनी दोनदा खाली ठेवली, आणि मागच्या ओसरीवर पोचले तेव्हा त्यांना शब्द फुटत नव्हता. लिंबाजी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. पाणी पिऊन ते एवढंच म्हणाले, "जड आहे रे." त्याच पावली ऑफिसात जाऊन त्यांनी लिंबाजीच्या कायमपणाचा कागद लिहायला सांगितला. कारकुनाने दप्तर उघडलं. रुजू होताना कुणीतरी अंदाजाने लिहिलेल्या वयाप्रमाणे लिंबाजीला मागच्याच महिन्यात साठ पुरी झाली होती. नियमात बसत नव्हतं. अण्णासाहेबांनी मग कमिटीची ती अटच टेकडीचा कायमचा रिवाज करून टाकली. त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं. लिंबाजीला त्यांनी शाल दिली. ती त्याने कधी पांघरली नाही, असं कौसाबाई सांगायची म्हणे.

अप्पा इथे थांबतात. कुणीतरी विचारतंच, मग हे प्राध्यापक लोक खरंच पाटी वाहतात का हो?

वाहतात तर. आजही नवा विभाग निघाला की टेकडीवर मांडव पडतो, कुलगुरू नारळ फोडतात, विभागप्रमुख पाटी खांद्यावर घेतात आणि दहा पावलं चालतात. तेवढ्यात फोटो निघतात. मग पाटी शिपायाच्या खांद्यावर जाते आणि उरलेल्या साऱ्या इमारतींची फेरी तो घालतो. गेल्या खेपेला ती सुभाषने वाहिली. तो चौदा वर्षं इथे आहे, आणि रोजंदारीवर आहे.